एका बॅटरीवर सहा फोन: दहा अँपिअरचा बक कन्व्हर्टर निवडताना आणि बनवताना

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना आकडे कानाआड होतात अशी बऱ्याच जणांची तक्रार असते, म्हणून इथे सगळी गणितं नीट मांडून दिली आहेत. बोलण्याचा ढंग तसाच ठेवलाय.)



आज थोडा वेगळा विषय आहे. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, पण आजचा भाग हार्डवेअरवर आहे. त्याचं कारण सांगतो.

२२ जुलै २०२१. महाड-पोलादपूरकडच्या कुणालाही ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. मी तेव्हा वर्क फ्रॉम होममुळे घरीच होतो. लाईट गेलेली, रस्ते बंद, नेटवर्क आलं तर मिनिटभर आणि परत गायब. त्या मिनिटभरासाठी फोन चालू असणं, एवढंच सगळ्यांना हवं होतं.

माझ्याकडे एक छोटं स्टेप-डाउन मॉड्युल होतं, ऑनलाइन मागवलेलं. वर्णनात लिहिलेलं, ‘५ अँपिअर’. शेजारच्या पिकअपची १२ व्होल्टची बॅटरी काढली, मॉड्युल जोडलं, पडवीत सहा फोन लावले. सगळ्यांनी पाठ थोपटली. बी.टेक. झालेला मुलगा, शेवटी कामाला आला वगैरे.

वीसेक मिनिटांत जळका वास आला. मी धावत जाऊन वायर उपटली, तोवर उशीर झाला होता. मॉड्युल मेलं आणि मरताना बॅटरीचे १२ व्होल्ट सरळ पलीकडे सोडून गेलं. चार फोन वाचले, दोन गेले. त्यातला एक शेजारच्या काकूंचा साधा बटणांचा फोन. त्यांचा मुलगा महाडात अडकलेला. तो तिसऱ्या दिवशी चिखल तुडवत सुखरूप घरी आला. पण मधल्या दोन रात्री काकू तो बंद फोन मांडीवर घेऊन ओटीवर बसून होत्या. मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तर आजचा भाग त्या चुकीबद्दल आहे. जास्त करंट लागणाऱ्या कामासाठी स्टेप-डाउन कन्व्हर्टर कसा निवडायचा आणि स्वतः बनवायचा असेल तर काय बघायचं. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: पॅकेटवरचा अँपिअरचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. त्याआधी दोन प्रश्न विचारा. उष्णता कुठे जाणार? आणि हे बिघडलं तर पलीकडे काय पोचणार?

आधी लोड मोजा

मी मॉड्युलपासून सुरुवात केली, ती चूक. सुरुवात लोडपासून करायची.

साध्या ५ व्होल्टच्या यूएसबी सॉकेटवर फोन किती करंट ओढेल, हे फोन ठरवतो. सॉकेटमधल्या दोन डेटा पिना, म्हणजे डी प्लस आणि डी मायनस, एकमेकींना जोडलेल्या असतील तर फोन समजतो की समोर चार्जर आहे आणि दीड अँपिअरपर्यंत घेतो. त्या मोकळ्या सोडल्या तर बरेच फोन अर्ध्या अँपिअरवरच अडतात. फास्ट चार्जिंगची भाषा वेगळी, ती आज बाजूला ठेवू. अडचणीच्या दिवशी फास्ट नको, खात्रीचं हवं.

सहा फोन गुणिले दीड, म्हणजे ९ अँपिअर. थोडी मोकळीक धरून १० धरू. ५ व्होल्ट, १० अँपिअर, म्हणजे ५० वॅट. त्या दिवशी मी नऊ अँपिअरची भूक पाचच्या ताटावर बसवली होती. आणि ते पाचही खरे पाच नव्हते.

७८०५ लावला तर?

कॉलेजात सगळ्यांनी ७८०५ वापरलेला असतो. तीन पायांची चीप, १२ द्या, ५ घ्या. हा लिनिअर रेग्युलेटर. तो जास्तीचे व्होल्ट उष्णता करून टाकून देतो.

आता हिशेब बघा. १२ मधून ५ गेले, उरले ७ व्होल्ट. ७ गुणिले १० अँपिअर, म्हणजे ७० वॅट नुसती उष्णता. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नीच्या जवळजवळ तिप्पट! बॅटरीतून १२० वॅट काढायचे आणि फोनला ५० द्यायचे, म्हणजे ४२ टक्के कार्यक्षमता. ७८०५ मुळात एक-दीड अँपिअरचाच गडी आहे, पण मोठा लिनिअर आणला तरी हे ७० वॅट टळत नाहीत.

बक कन्व्हर्टर ९० टक्के कार्यक्षमतेने चालला तर बॅटरीतून साधारण ५५.६ वॅट लागतात, म्हणजे १२ व्होल्टला ४.६ अँपिअर. वाया जातात ५.६ वॅट. म्हणून जास्त करंटसाठी बकला पर्याय नाही.

बक म्हणजे जातं

बक कसा चालतो? घरी जुनं जातं असेल तर आठवा. खुंटा धरून तुम्ही प्रत्येक फेऱ्यात थोडाच वेळ जोर लावता. बाकीचा फेरा दगडाच्या वजनावर फिरतो. जोर तुटक, फिरणं मात्र सलग.

बकमध्ये एक मॉसफेट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो. तो चालू असताना बॅटरी इंडक्टरला धक्का देते. बंद झाला की इंडक्टर करंट तुटू देत नाही, दुसऱ्या वाटेने तो वाहता ठेवतो. इंडक्टर म्हणजे आपला जात्याचा दगड. मॉसफेट किती वेळ चालू ठेवायचा, त्या प्रमाणाला ड्युटी सायकल म्हणतात. ५ भागिले १२, म्हणजे साधारण ०.४२. शंभरातला ४२ वेळ चालू, ५८ वेळ बंद.

ती ‘दुसरी वाट’ महत्त्वाची आहे. स्वस्त मॉड्युलमध्ये तिथे शॉट्की डायोड असतो. त्यावर अर्धा व्होल्ट पडतो असं धरलं, तर अर्धा गुणिले १० अँपिअर गुणिले ०.५८, म्हणजे २.९ वॅट नुसते डायोडमध्ये. तिथे दुसरा मॉसफेट असेल तर त्याला सिंक्रोनस बक म्हणतात. त्या मॉसफेटचा रोध ५ मिलिओहम धरा. दहाचा वर्ग शंभर, गुणिले ०.००५, गुणिले ०.५८, म्हणजे ०.२९ वॅट. दसपट फरक! तीनेक अँपिअरपर्यंत डायोड चालून जातो. पाचच्या वर सिंक्रोनसच घ्या.

विकत घेताना

‘कमाल ५ अँपिअर’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा ‘कमाल’ शब्दावर थांबा. तो आकडा बहुतेक वेळा थोड्या वेळापुरता, पंख्याखाली, किंवा चीप सहन करते तेवढा असतो. सलग किती, हे बघायचं. आणि ‘९५ टक्के कार्यक्षमता’ हा आलेखातला सगळ्यात उंच बिंदू असतो. तो मधल्या करंटला येतो, पूर्ण लोडवर नाही.

माझा नियम: सलग १० हवेत तर १५ ते २० चं, सिंक्रोनस, हीटसिंक असलेलं मॉड्युल घ्या. इंडक्टर बघा. दहा अँपिअरच्या मॉड्युलवर शेंगदाण्याएवढा इंडक्टर आणि केसासारखी तार दिसली तर ते परत ठेवा. चीपचा नंबर खोडलेला असेल तरी परत ठेवा. डेटाशीट सापडत नाही त्या वस्तूवर दुसऱ्याचा फोन लावायचा नाही.

इनपुट किती सोसतं तेही बघा. गाडी चालू असताना १२ व्होल्टच्या बॅटरीवर १४ च्या वर व्होल्ट असतात. ट्रक, एसटी, मोठी मशीन यांची यंत्रणा २४ व्होल्टची, चालू असताना २८. दरड उपसायला आलेल्या मशीनच्या बॅटरीवरून चार्ज करायची वेळ आली, तर २४ व्होल्ट कमाल असलेलं मॉड्युल तिथे टिकणार नाही. गाडीत क्षणिक झटके याहून मोठे येतात, म्हणून इनपुटची मर्यादा ३६-४० व्होल्ट तरी असू द्या. गाडी चालू असताना वापरायचं तर इनपुटला सर्ज दाबणारा टीव्हीएस डायोडही हवा.

स्वतः बनवायचा असेल तर

इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मंडळींसाठी हा भाग. बाकीच्यांनी थेट ‘वायर’वर उडी मारली तरी चालेल.

फ्रिक्वेन्सी ३०० किलोहर्ट्झ धरू. जास्त घेतली की इंडक्टर लहान होतो, पण प्रत्येक चालू-बंदला थोडी ऊर्जा जळते. १२ व्होल्ट, १० अँपिअर, चालू आणि बंद होण्याचा मिळून वेळ ३० नॅनोसेकंद धरला, तर ३०० किलोहर्ट्झला अर्धा वॅट जातो आणि १ मेगाहर्ट्झला १.८ वॅट. आपल्याला डबा खिशात घालायचा नाहीये, ३०० ठीक आहे.

इंडक्टर: करंटची लहर पूर्ण लोडच्या ३० टक्के, म्हणजे ३ अँपिअर धरा. सूत्र सोपं आहे. आउटपुट व्होल्टेज गुणिले एक वजा ड्युटी, भागिले लहर गुणिले फ्रिक्वेन्सी. ५ गुणिले ०.५८३, भागिले ३ गुणिले ३,००,०००. उत्तर ३.२४ मायक्रोहेन्री. बाजारात ३.३ मिळतो, तो घ्या.

पण नुसतं ३.३ मागून भागत नाही. करंटचं टोक १० अधिक लहरीचा अर्धा भाग, म्हणजे ११.५ अँपिअरला जातं. त्या करंटला इंडक्टर सॅच्युरेट झाला, म्हणजे त्याचा गाभा भरून गेला, तर जात्याचा दगड अचानक हलका व्हावा तसं होतं. करंट सरळ उसळतो आणि मॉसफेट जातो. म्हणून सॅच्युरेशन करंट १५ अँपिअर किंवा जास्त हवा. २४ व्होल्टच्या गाडीवरही वापरायचा तर लहर वाढते, ती वेगळी मोजा.

इनपुट कॅपॅसिटर: याच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. बक बॅटरीकडून करंट तुकड्यातुकड्यांनी घेतो आणि ते धक्के हा कॅपॅसिटर झेलतो. दहा गुणिले वर्गमूळ ०.४२ गुणिले ०.५८, म्हणजे जवळजवळ ५ अँपिअरचा आरएमएस करंट. एकटा साधा इलेक्ट्रोलायटिक हे सोसत नाही, तो आतून तापून फुगतो. मॉसफेटला अगदी चिकटून सिरॅमिक कॅपॅसिटर आणि सोबत एक चांगला इलेक्ट्रोलायटिक लावा.

आउटपुट कॅपॅसिटर: लहर २० मिलिव्होल्टच्या आत ठेवायची तर हिशेबाने ६२ मायक्रोफॅरड पुरतात. पण सिरॅमिक कॅपॅसिटरवर व्होल्टेज आलं की त्याची क्षमता घटते, कधीकधी निम्म्यावर येते. म्हणून दुप्पट-तिप्पट लावा.

आणि बोर्ड! इनपुट सिरॅमिक आणि दोन मॉसफेट यांचा फेरा जितका छोटा तितकं बरं. तिथली तांब्याची वाट लांबली की प्रत्येक स्विचिंगला व्होल्टेजचे टोकदार झटके येतात. ब्रेडबोर्डवर हे करायचं नाही. त्याच्या पत्र्याच्या क्लिपा दहा अँपिअरसाठी नसतातच.

वायर

हे माझ्या डोक्यात सगळ्यात उशिरा शिरलं. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण १७ मिलिओहम. कन्व्हर्टरपासून सॉकेटच्या पट्टीपर्यंत एक मीटर जायला, एक मीटर यायला, झाले ३४ मिलिओहम. १० अँपिअरला ०.३४ व्होल्ट वायरीतच गेले. ५ चे उरले ४.६६. वरून फोनच्या केबलमध्ये आणखी पडतात. मग फोन ‘स्लो चार्जिंग’ दाखवतो आणि आपण कन्व्हर्टरला शिव्या घालतो.

उपाय सोपा आहे. लांब वायर १२ व्होल्टच्या बाजूला ठेवा, तिथे फक्त ४.६ अँपिअर वाहतात. कन्व्हर्टर सॉकेटच्या शेजारी बसवा. ५ व्होल्टची बाजू अडीच चौरस मिलिमीटरची आणि वीतभरच असू द्या.

हीच युक्ती मोठ्या जगातही आहे. मोबाइल टॉवरची उपकरणं ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालतात आणि आतल्या चीपांना लागणारे कमी व्होल्ट अगदी त्यांच्याजवळ तयार होतात. मोठ्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला साधारण १ व्होल्ट लागतो, पण करंट शंभर अँपिअरच्या पुढे जाऊ शकतो. तो एका बकने देत नाहीत. पाच-सहा बक आळीपाळीने जोर लावतात. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात ना, तसंच. याला मल्टिफेज म्हणतात. उष्णता वाटली जाते, लहरी एकमेकींना पुष्कळशा खोडतात.

बिघडला तर?

आता मूळ जखमेकडे येतो. वरचा मॉसफेट मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो. म्हणजे बॅटरी आणि फोन यांच्यात फक्त इंडक्टर उरतो, आणि इंडक्टर म्हणजे शेवटी तार. १२ व्होल्ट थेट आत. महागडे फोन यातून वाचू शकतात, त्यांच्यात आत संरक्षण असतं. काकूंच्या फोनसारखे साधे फोन सहसा वाचत नाहीत. म्हणजे फटका त्यालाच बसतो, ज्याच्याकडे दुसरा फोन नसतो.

म्हणून या तीन गोष्टी टाळायच्या नाहीत.

एक, फ्यूज. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात, साडेसात अँपिअरचा गाडीत असतो तसा ब्लेड फ्यूज. बॅटरी १०.८ व्होल्टवर उतरली तरी आपला करंट साडेपाचच्या आत राहतो, त्यामुळे फ्यूज उगाच उडणार नाही. फ्यूज नसेल आणि वायर शॉर्ट झाली, तर लेड-ॲसिड बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. वायर लालबुंद होते, घराला आग लागते.

दोन, क्रोबार. आउटपुटवर एक झेनर डायोड आणि एक एससीआर. व्होल्टेज ६ च्या वर गेलं की एससीआर आउटपुट शॉर्ट करतो, करंट उसळतो, फ्यूज उडतो, फोन वाचतात. एससीआर मात्र फ्यूज उडेपर्यंत तग धरेल एवढा दणकट घ्या. काही रुपयांचे दोन पार्ट. माझ्या मॉड्युलमध्ये ते असते तर काकूंचा फोन वाचला असता.

तीन, उलटं न बसणारा कनेक्टर. काळोखात, पावसात, घाईत लाल-काळं कळत नाही. टॉर्च धरणाऱ्याच्या भरवशावर राहू नका.

आपल्या पावसासाठी

आपल्याकडे जूनपासून हवाच ओली. बोर्डवर बुरशी चढते, तांबं हिरवं पडतं. बोर्ड कोरडा करून त्यावर कन्फॉर्मल कोटिंग मारा, सॉकेट सोडून. डबा बंद असेल तर उष्णतेला वाट द्या: मॉसफेटखालून अॅल्युमिनियमच्या डब्याला थर्मल पॅड. प्लॅस्टिकच्या बंद डब्यात साडेपाच वॅट कोंडले तर आत भट्टी होते.

आणि डबा बनवल्यावर त्याची परीक्षा घ्या. १ ओहम, ५० वॅटचे दोन रेझिस्टर समांतर जोडा, अर्धा ओहम होतो. ५ व्होल्टला बरोबर १० अँपिअर. रेझिस्टर पत्र्यावर घट्ट बसवा, ते सणसणीत तापतात. तासभर चालू ठेवा. आउटपुट ४.९ च्या खाली येतंय का? इंडक्टर किती तापतोय? बंद केल्याबरोबर त्यावर बोट तीन सेकंदही ठेवता आलं नाही, तर तापमान साठ अंशांच्या आसपास किंवा वर आहे असं समजा. मग हीटसिंक वाढवा नाहीतर फोन कमी करा. क्रोबारची परीक्षाही फोन न लावताच घ्यायची, हे सांगायला नकोच.

शेवटचं, बॅटरी किती पुरेल? घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. निम्मीच वापरा, बॅटरी टिकते. ६०० चे कन्व्हर्टरनंतर ५४० उरतात. ५००० एमएएचचा फोन पूर्ण भरायला चार्जिंगचं नुकसान धरून २५ वॅट-तास लागतात असं धरा. म्हणजे एकवीस फोन. इन्व्हर्टर लावून १२ चे २३० आणि २३० चे परत ५ केले तर दोनदा नुकसान होतं, आणि इन्व्हर्टर रिकामा असतानाही बॅटरी पीत राहतो. गाडीची बॅटरी मात्र इतकी उतरवू नका. ती स्टार्टरसाठी असते, आणि अशा दिवशी गाडी चालू होणंही तितकंच गरजेचं असतं.

माझा डबा आता घरी माळ्यावर असतो. दर मे महिन्यात, पन्हळी साफ करायच्या आठवड्यात, तो खाली काढून तासभर त्या रेझिस्टरवर चालवतो. फ्यूज बघतो, दोन जादा फ्यूज झाकणाला चिकटवलेले आहेत का ते बघतो. गेल्या वर्षी पावसात दोन दिवस लाईट नव्हती, तेव्हा पडवीत परत सहा फोन लागले. काकूंनी आपला फोन शेवटी आणून दिला. आधी माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. मी झाकण उघडून फ्यूज दाखवला. त्यांना काय कळलं माहीत नाही, पण फोन लावू दिला.

तुमच्या वाडीत, सोसायटीत असा एक डबा पाऊस सुरू व्हायच्या आधी तयार असू द्या. बनवताना अडलात तर लोड किती, बॅटरी कोणती आणि वायर किती लांब, एवढं लिहून पाठवा. आपण मिळून हिशेब करू.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!